बसच्या घरातलं धुणं: आधी पाण्याचा हिशेब, मग साबण

जुनी बस घेऊन तिचं घर करणारी माणसं पलंग कुठे येईल, ओटा किती लांब हवा, छतावर सोलर पॅनल किती बसतील याचे आराखडे महिनोन्महिने काढतात. धुण्याचं मात्र "ते बघू नंतर" असं होतं. राहायला गेल्यावर सलग चार दिवस पाऊस लागला की मग कळतं. प्रत्येक खुंटीवर ओला टॉवेल, काचांवरून ओघळणारं पाणी आणि पांघरुणाला कुबट वास. हे सगळं टाळता येतं, त्यासाठी फार पैसे लागत नाहीत आणि फार जागाही लागत नाही. थोडा हिशेब मात्र आधी करावा लागतो.

हा हिशेब पाण्याचा आहे. कपड्यातला मळ काढायला थोडं पाणी, चमचाभर साबण आणि तासभर वेळ पुरतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं: कापडात शिरलेलं पाणी बाहेर काढायचं, त्याची वाफ बसच्या बाहेर घालवायची आणि बादलीत उरलेलं साबणाचं पाणी योग्य जागी टाकायचं. नवे लोक पहिला खर्च धुण्याच्या साधनावर करतात. माझं सांगणं असं की पहिला खर्च पिळण्याच्या साधनावर करा. का, ते पुढे येईलच.

आधी टाकीकडे बघा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. २०० लिटरची टाकी भरली की बसवर २०० किलो चढले. समोरून कपडे घालायचं वॉशिंग मशीन एका धुण्याला साधारण ४० ते ६० लिटर पाणी घेतं. वरून कपडे घालायची जुन्या पद्धतीची मशीन्स १०० लिटरच्याही पुढे जातात. म्हणजे एका धुण्यात टाकीचा पाव ते अर्धा भाग संपतो. बरं, जितकं पाणी मशीनमध्ये गेलं, जवळपास तितकंच सांडपाण्याच्या टाकीत यायचं. ती टाकी आधीच अर्धी भरलेली असेल तर धुणं मध्येच अडकतं.

हाताने बादलीत धुतलं तर दीड-दोन किलो हलके कपडे २० लिटरमध्ये व्यवस्थित निघतात. म्हणून कुठलंही मशीन घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. पाणी किती दिवसांनी भरायला मिळतं? सांडपाणी कुठे रिकामं करता येतं? आणि ऊन नसलेल्या दिवशी संध्याकाळी बॅटरीत किती शिल्लक असतं? एका जागी, पाण्याचा नळ आणि वीज जोडून महिनोन्महिने राहणाऱ्याची उत्तरं आणि दर दोन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्याची उत्तरं वेगळी असतात. त्यामुळे दुसऱ्याच्या बसमधली व्यवस्था जशीच्या तशी उचलू नका.

कपडेच असे ठेवा की धुणं हलकं होईल

धुण्याची निम्मी लढाई कपाटात जिंकली जाते. सुती धागा पाणी पितो, पॉलिएस्टरचा धागा जवळजवळ पीत नाही. साध्या हवेत ठेवलेल्या सुती कापडात वजनाच्या ७-८ टक्के ओलावा असतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नसतो. त्यामुळे पॉलिएस्टरचा शर्ट झटकून टांगला की काही तासांत वाळतो. त्याला घामाचा वास मात्र लवकर लागतो. बारीक मेरिनो लोकरीचं उलटं आहे. ती ओलावा भरपूर शोषते, वाळायला थोडा वेळ घेते, पण वास धरत नाही, त्यामुळे तीच बनियन किंवा तेच मोजे पुन्हा पुन्हा वारा देऊन घालता येतात. प्रवासात ही सवय फार उपयोगी पडते: अंगावरून काढलेला कपडा थेट मळक्यांत न टाकता रात्रभर हवेशीर टांगायचा आणि सकाळी ठरवायचं.

जीन्स, जाड टॉवेल आणि टोपीवाले जाड स्वेटशर्ट यांची संख्या कमीत कमी ठेवा. यांच्या जाड शिवणी आणि दुहेरी कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. टॉवेल पातळ विणीचे घ्या, जाडजूड लुसलुशीत नकोत. अंथरुणाची चादरही पातळच बरी.

मळके कपडे रंगानुसार वेगळे करायची पद्धत घरात ठीक आहे. बसमध्ये ते वाळण्याच्या वेळेनुसार वेगळे करा, म्हणजे कुठले कपडे कधी आणि कुठे धुवायचे ते आपोआप ठरतं. मी तीन जाळीच्या पिशव्या सुचवेन. एकीत रोजचे छोटे कपडे: आतले कपडे, मोजे, रुमाल. दुसरीत बादलीत धुण्यासारखे हलके शर्ट आणि विजारी. तिसरीत जाड आणि मोठे, जे लाँड्रोमॅटलाच, म्हणजे पैसे देऊन मशीनवर कपडे धुता-वाळवता येतात त्या दुकानातच जाणार. पिशव्या जाळीच्याच हव्यात, कारण बंद डब्यात घामट कपडे एका दिवसात आंबतात. ओला किंवा घामाने भिजलेला कपडा तर आधी वाळवून मगच पिशवीत टाका.

रोजचे छोटे कपडे आंघोळीच्या वेळीच धुऊन टाकावेत. न्हाणीच्या तळाशी टब ठेवला की अंगावरून पडणारं पाणी त्यात जमतं, त्यात ते भिजतात आणि शेवटी एका तांब्या स्वच्छ पाण्यात हिसळून निघतात. वेगळं पाणी जवळपास लागतच नाही. यात साठत काही नाही, आणि दोन-तीन छोटे कपडे कुठेही वाळतात.

बादलीतलं धुणं

लागणारं सामान थोडं आहे: २० लिटरच्या दोन बादल्या, त्यातल्या एकीला फिरवून घट्ट बसणारं झाकण, कपडे दाबायचं प्लंजर, म्हणजे लांब दांड्याला लावलेली भोकं असलेली उलटी वाटी, पातळ साबण, म्हणजे लिक्विड, आणि पाणी गाळायला बारीक जाळी. पावडरपेक्षा लिक्विड बरं, कारण थंड पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही आणि तिचे कण कापडात अडकतात.

१. बसच्या बाहेर कपडे जोरात झटका. कच्च्या रस्त्यावरची धूळ पाण्यात जाण्याआधी गेली तर पाणी वाचतं. खिसे तपासा. कॉलर, बाह्यांच्या कडा, काखा आणि मोज्यांचे तळवे यांना साबणाचा थेंब लावून हाताने चोळून ठेवा.

२. झाकणाच्या बादलीत आठेक लिटर पाणी घ्या, त्यात चहाचा एक चमचा लिक्विड ढवळून घ्या आणि मग कपडे सोडा. साबण कपड्यांवर ओतू नका. फेस भरपूर आला म्हणजे कपडे जास्त स्वच्छ होतात असं नाही. जास्तीचा साबण काढायला दुप्पट पाणी लागतं आणि तो राहिला तर कपडे वाळल्यावर कडक होतात, पुढच्या वेळी मळही लवकर धरतात. पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असेल तर आणखी लिक्विड ओतण्याऐवजी थोडा धुण्याचा सोडा घाला. लोकरीच्या कपड्यांना मात्र तो लावू नका.

३. अर्धा तास भिजू द्या. घाम आणि तेलकट डाग थंड पाण्यात निघायला वेळ मागतात. काळ्या डब्यात पाणी भरून दुपारी उन्हात ठेवलं असेल तर ते कोमट पाणी इथे वापरा, बराच फरक पडतो.

४. प्लंजरने तीन-चार मिनिटं वरखाली करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा तितकंच करा. धापा टाकत रगडायची गरज नाही. पाणी कापडातून आरपार ढकललं जाणं महत्त्वाचं.

५. हिसळण्याआधी कपडे पिळा. ही पायरी लोक गाळतात आणि मग साबण निघत नाही म्हणून पाण्यावर पाणी ओततात.

६. दुसऱ्या बादलीत सहा लिटर स्वच्छ पाणी घेऊन हिसळा, पुन्हा पिळा, आणखी सहा लिटरमध्ये एकदा हिसळा.

पाचव्या आणि सहाव्या पायरीमागचं गणित एकदा समजून घ्या, कारण पाणी वाचवायची सगळी खुबी त्यात आहे. समजा, सैल पिळलेल्या कपड्यांत दोन लिटर साबणाचं पाणी राहिलं. ते एकदम १२ लिटर स्वच्छ पाण्यात घातले तर कपड्यांत साबणाचा सातवा हिस्सा उरतो. तेच १२ लिटर दोन वेळा सहा-सहा करून वापरले तर पहिल्या वेळी चौथा आणि दुसऱ्या वेळी चौथ्याचा चौथा, म्हणजे सोळावा हिस्सा उरतो. आणि कपडे यंत्राने पिळून दोन लिटरऐवजी पाऊण लिटरच पाणी शिल्लक ठेवलं, तर त्याच दोन हिसळण्यांनंतर साबण ऐंशीव्या हिश्शाच्या आसपास येतो. पाणी तितकंच, कपडे कितीतरी स्वच्छ.

शेवटचं हिसळलेलं पाणी फेकू नका. पुढची खेप त्यातच भिजवा, किंवा जमीन पुसायला, पायदान आणि चिखलाचे बूट धुवायला ठेवा.

बस चालवायचा दिवस असेल तर प्लंजरचं काम रस्ता करतो. झाकणाच्या बादलीत कपडे, पाणी आणि साबण घालून ती दोन तृतीयांशच भरा, म्हणजे आत हलायला जागा राहील. झाकण घट्ट लावा, बादली न्हाणीच्या तळात ठेवा आणि पट्ट्याने आवळून बांधा. सुटी बादली ब्रेक लागला की पंधरा किलोचं ढेकूळ होऊन पुढे येते, तेव्हा बांधण्यात हयगय नको. मागच्या चाकांच्याही मागे असलेला भाग सर्वांत जास्त उसळतो, तिथे धुणं छान होतं. मात्र दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. बंद बादलीत कडकडीत पाणी घालू नका, आत दाब वाढतो. आणि डाग काढायची ऑक्सिजन पावडर बंद बादलीत कधीही घालू नका. तिच्यातून वायू सुटतो आणि झाकण उडू शकतं. मुक्कामावर पोचल्यावर झाकण हळूच सैल करा.

पिळणं: इथे पैसे आणि कष्ट घाला

हाताने पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त पाणी असतं. तीन किलो कपडे म्हणजे तीन लिटर पाणी. मिनिटाला १४०० फेरे घेणाऱ्या मशीनने पिळले तर ते दीड लिटरवर येतं. फक्त पिळण्याचं काम करणारी छोटी उभी यंत्रं मिळतात, त्यांतली काही मिनिटाला २८०० फेरे घेतात. त्यांतून निघालेला पातळ शर्ट हाताला जेमतेम ओलसर लागतो.

आता विजेच्या बाजूने बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ६८० वॉट-तास इतकी उष्णता लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत एकूण १२८० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे एक लिटर पाणी विजेच्या उष्णतेने वाळवायचं तर अर्ध्याहून जास्त बॅटरी गेली. उलट ३०० वॉटचं पिळण्याचं यंत्र पाच मिनिटं चाललं तर २५ वॉट-तास खर्च होतात. बॅटरीवर विजेचा ड्रायर चालवण्याचा विचार सोडून द्या, आणि पिळण्याचं यंत्र मात्र निर्धास्त चालवा.

यंत्र घेताना इन्व्हर्टर बघा. मोटर सुरू होताना तिला तिच्या नेहमीच्या ताकदीच्या काही पट वीज क्षणभर लागते, म्हणून ३०० वॉटच्या मोटरला १००० वॉटचा, शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा इन्व्हर्टर हवा. बस उभी आणि समतल असतानाच यंत्र लावा. कपडे आत गोळा करून टाकू नका, भिंतीभोवती सारखे पसरवा, नाहीतर ते थडथडतं. खालच्या तोटीतून येणारं पाणी भांड्यात धरा. किती पाणी निघतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा हाताने पिळून वाळत घालावंसं वाटत नाही.

धुणं आणि पिळणं दोन्ही हवं असेल तर दोन टबांचं छोटं सेमी-ऑटोमॅटिक मशीन बसला सर्वांत सोयीचं आहे. त्यात बादलीने पाणी ओतता येतं, पंपाच्या दाबाची अट नसते, किती पाणी घालायचं ते तुमच्या हातात राहतं आणि काम झाल्यावर ते उचलून बाजूला ठेवता येतं.

यंत्र नसेल तर टॉवेलची पद्धत वापरा. कोरडा टॉवेल पसरा, त्यावर हाताने पिळलेला कपडा ठेवा, दोन्हींची घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर उभं राहून पायाने दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जा. कपड्यातलं बरंचसं पाणी टॉवेलमध्ये येतं. लोकरीच्या कपड्यांना तर हीच पद्धत योग्य. त्यांना पिळ घातला की ते कायमचे वेडेवाकडे होतात.

वाळवणं

बाहेर वाळवायला मिळालं तर प्रश्नच मिटला. ऊन चांगलं, पण वारा त्याहून चांगला. ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी कपडे जितके लवकर वाळतात तितके स्तब्ध हवेतल्या उन्हात वाळत नाहीत. दोरी बसच्या लांबीला समांतर, वारा आडवा येईल अशी बांधा. दुहेरी पिळाची रबरी दोरी घ्या, कापडाचं टोक पिळात अडकवलं की चिमट्याशिवाय राहतं. झाडाला बांधायची असेल तर सालीला काचू नये म्हणून खाली रुंद पट्टा घाला, आणि मुक्कामाच्या जागेचा नियम आधी विचारा, कारण काही ठिकाणी बाहेर दोरी बांधू देत नाहीत. शर्ट हँगरवर टांगा, दोन कपड्यांमध्ये तळहाताएवढी फट ठेवा, रंगीत कपडे उलटे करा. आणि सूर्य मावळायच्या आधी सगळं आत घ्या. दव पडलं की दिवसभराची मेहनत परत भिजते.

आत वाळवायचं म्हटलं की बस आणि साधं घर यांतला फरक जाणवतो. बारा मीटर लांबीच्या बसच्या आतली जागा साधारण ५२ घनमीटर. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे बसमधली सगळी हवा पूर्ण कोरडी असती तरी तिच्यात ९०० ग्रॅमच्या आसपासच पाणी मावलं असतं, आणि हवा पूर्ण कोरडी कधीच नसते. आपले हाताने पिळलेले तीन किलो कपडे तीन लिटर सोडणार. उरलेलं पाणी कुठे जाईल? थंड पत्र्यावर, खिडक्यांच्या चौकटींत, गादीखाली आणि भिंतीतल्या इन्सुलेशनच्या मागे. तिथे आधी बुरशी येते, मग गंज. बसच्या पत्र्याला आतून गंज लागणं हे टायर झिजण्यासारखं नाही, तो दिसेपर्यंत बरंच खाऊन झालेलं असतं.

म्हणून आत वाळवताना हवा बदलत राहणं ही एकच अट आहे. छताचा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा, बसच्या दुसऱ्या टोकाची एक खिडकी चार बोटं उघडा आणि कपडे या दोहोंच्या मध्ये टांगा, म्हणजे आत येणारी हवा कपड्यांवरून जाऊनच बाहेर पडेल. सगळ्या खिडक्या उघडल्या तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि कपडे तसेच राहतात. कपड्यांवर एक छोटा १२ व्होल्टचा पंखा रोखला तर आणखी लवकर वाळतात. न्हाणीच्या वर कायमची एक आडवी दांडी बसवा. निथळणारं पाणी तिथेच जातं. दोरी किंवा कपडे आपत्कालीन दरवाजा आणि छतावरच्या झडपेच्या वाटेत कधीही नकोत, रात्री तर नकोतच. बस चालू असताना आरसे आणि काचा झाकतील असं काही टांगू नका. खिडकीबाहेर तर कपडे मुळीच लटकवू नका.

छोटं आर्द्रतामापक घ्या आणि पलंगाजवळ लावा. २० अंशाला आर्द्रता ६० टक्के असली की १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरायला लागतं, आणि थंडीत एकेरी काच त्याहून खूप थंड असते. आकडा ६० च्या वर गेला की कपडे काढा किंवा पंखा वाढवा. वीज बाहेरून जोडलेली असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारं यंत्र, खुशाल लावा.

थंडीत डिझेल हीटर असेल तर तो उत्तम, कारण त्याचा धूर आणि जळण्यातून होणारी वाफ नळीतून बाहेर जाते आणि आत येते ती कोरडी ऊब. गॅसच्या शेगडीचं तसं नाही. शेगडीतला एक किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे तुम्ही ज्या हवेत कपडे वाळवताय तिच्यातच पाणी ओतताय. त्याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. कपडे वाळवायला शेगडी पेटवून ठेवू नका, आणि बसमध्ये कुठलंही जळण वापरत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असलाच पाहिजे. हीटरच्या तोंडावर कपडे पसरणंही टाळा, आगीचं कारण होतं.

कपडा वाळला का ते मधल्या कापडावरून ठरवू नका. शिवण, कमरेची पट्टी आणि खिशाचं अस्तर हाताच्या पालथ्या बाजूला लावून बघा. थंड लागलं तर अजून ओल आहे, आणि ती ओल कपाटात गेली की शेजारचे कपडेही कुबट होतात.

सांडपाणी

साबणाचं पाणी ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात टाकायचं नाही. पाकिटावर "निसर्गात विघटन होतं" लिहिलेला साबणसुद्धा पाण्यात नाही, मातीत नीट कुजतो. मातीतले जीवाणू ते काम करतात. जिथे सांडपाणी जमिनीवर टाकायची परवानगी आहे तिथेही पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब जाऊन, जाळीने गाळून, एका जागी न ओतता पसरून टाका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा असतं. तिथे टाकीत साठवून ठरलेल्या जागीच रिकामं करा. तंतू आणि केस जाळीवर धरून कचऱ्यात टाका, टाकीत गेले तर झडप तुंबते. धुण्याचं पाणी टाकीत दोन दिवस राहिलं की घाण वास मारतं, तेव्हा धुणं शक्यतो टाकी रिकामी करायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी करा. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल एकत्र येऊ देऊ नका, टाकीतसुद्धा नाही; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पूर्ण मशीनच बसवायचं असेल तर

मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला, जास्त काळ एका जागी राहणाऱ्यांना ते सोयीचं आहे. पण समोरून कपडे घालायचं मशीन ६०-७० किलोचं असतं, कारण ते थरथरू नये म्हणून त्यात काँक्रीटची वजनं बसवलेली असतात. त्याची जागा बांधणीच्या आधीच ठरवा: खाली, चौकटीच्या मुख्य तुळ्यांवर, चाकांच्या आखाजवळ, आणि दुसऱ्या बाजूला टाकी किंवा बॅटरी ठेवून तोल साधून. आतला ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. मशीन कारखान्यातून येतं तेव्हा तो धरून ठेवायला मागे ट्रान्झिट बोल्ट लावलेले असतात. ते फेकू नका. लांबच्या आणि खराब रस्त्याच्या आधी लावा, धुण्याआधी न विसरता काढा. मशीन गरम पाण्यावर चाललं तर २००० वॉटच्या आसपास वीज मागतं, तेव्हा बॅटरीवर असताना थंड पाण्याचाच प्रोग्राम निवडा. त्याचा पंप पाणी झपाट्याने बाहेर फेकतो, म्हणून नळी बेसिनच्या अरुंद पाइपात न देता थेट टाकीच्या रुंद तोंडाला जोडा.

लाँड्रोमॅटचा दिवस

तिसऱ्या पिशवीतले कपडे, चादरी, गादीची खोळ आणि पांघरुणं यांच्यासाठी लाँड्रोमॅटच बरा. अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुतलं की धुळीतले सूक्ष्म किडे मरतात, आणि इतकं गरम पाणी बसमध्ये करणं परवडत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा. मशीन्स मोकळी असतात आणि बारा मीटरची बस उभी करायला जागा मिळते. जागा आधी नकाशात बघून ठेवा, अरुंद गल्लीत बस वळवण्यापेक्षा दोन चौक पायी पिशवी नेणं सोपं. कपडे घालण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून बघा, आधीच्या माणसाचं पेन किंवा रंग राहिलेला असू शकतो. बाहेर चांगला वारा असेल तर मशीनमध्ये दोनदा पिळून फक्त जाड कपडे ड्रायरला लावा आणि हलके मुक्कामावर आणून वाळवा.

बसचं सुतारकाम चालू असताना लाकडाला जवसाचं तेल पुसलेली फडकी ड्रायरमध्ये कधीही टाकू नका, आणि चुरगळून गोळा करूनही ठेवू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर एकेक करून पसरून कडक होईपर्यंत वाळवा, मग फेका. डिझेल किंवा पेट्रोल सांडलेले कपडेही ड्रायरपासून लांब.

कडाक्याच्या थंडीत

पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर बाहेर टांगलेले कपडे कडक होतात, तरी कोरड्या वाऱ्यात ते वाळतात, कारण बर्फ वितळल्याशिवायही हवेत उडून जातं. कडक झालेला कपडा दुमडू नका, धागे तुटतात. तसाच आत आणून पंख्याखाली टांगा. मशीन असेल तर वापर झाल्यावर पाण्याचा नळ बंद करून नळ्या सोडवा, खालच्या गाळणीचं झाकण उघडून पंपातलं पाणी काढा आणि पाणी निचरण्याचा प्रोग्राम अर्धा मिनिट चालवून थांबवा. पंपात आणि आत येणाऱ्या झडपेत राहिलेलं थोडं पाणी गोठलं तरी प्लास्टिक तडकतं. पिळण्याच्या यंत्राची तोटी आणि प्लंजरची वाटीही उलटी करून ठेवा.